आधी वायरला हात

उमरग्याच्या बॅटरीवाल्या काकांनी मला वाचवलं, हे आधी लिहितो. मी सातवीत शाळा सोडलेला, घरापासून लांब, टेम्पोवर क्लीनर, रात्री टेम्पोतच झोपणारा. थंडीसाठी मालकानं छोटा हीटर बसवला होता. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली.

काका आधी वायरला हात लावतात, मग माणसाशी बोलतात. बॅटरी उतरली म्हणून टेम्पो त्यांच्याकडं आला, त्या संध्याकाळी हीटर चालू करून त्यांनी माझाच हात वायरला टेकवला. चटका बसला.

"गरम काय व्हायचं रं, हीटर का वायर? रातच्याला वायर पेटली तर झोपेतच जळशील! तुझा मालक झोपतो व्हय हितं? जाड वायर अन् फ्यूज लावल्याबिगर हे चालू करायचं न्हाय!"

पक्कडीनं वायर तोडून त्यांनी स्वतःची वाकळ माझ्या अंगावर टाकली.

मालकावरचा संताप अजून जात नाही. काका, आईनं शिवलेली गोधडी एक दिवस तुम्हाला आणून देईनच.