तीन धारांचा लॅपटॉप

कोल्हापुरात लॅपटॉप विकत घेण्याआधी त्याच्या तीन धारा बघाव्या लागतात, हे मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणीही शिकवलं नव्हतं.

शिकवलं ते आमच्या दोड्डप्पांनी. दोड्डप्पा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. (आमचं घर लिंगायत, मूळचं कर्नाटकच्या हद्दीवरचं. त्यामुळे आमच्यात आई ती अव्वा आणि थोरले काका ते दोड्डप्पा.) शिवाजी पेठेत त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान. म्हशीला काय घालावं ते दोड्डप्पा विकायचे आणि कुठली म्हैस घ्यावी ते फुकट सांगायचे. त्यांनी पसंत केलेली म्हैस भाकड निघाल्याचं उदाहरण पंचक्रोशीत नव्हतं. घरात कुठलीही वस्तू आणायची झाली, मग ती शिलाई मशीन असो वा नवरदेव, वडील एकच सांगायचे, "दादांना दाखवा."

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची, लोडशेडिंग ऐन भरात असतानाची. माझ्याबरोबरच्या सगळ्या मुली पुण्याला नाहीतर बंगळूरला गेल्या होत्या. मलाही पुण्याच्या एका कंपनीनं बोलावलं होतं. पण मला जायचंच नव्हतं! मला माझं घर, माझी पेठ आणि अव्वाच्या हातची भाकरी सोडून कुठंही जायचं नव्हतं, आणि हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही. मी कंपनीच्या सरांना फोनवर ठणकावून सांगितलं की काम मी कोल्हापुरातूनच करीन.

"तुमच्याकडे दिवसातून किती तास वीज असते?" सरांनी शांतपणे विचारलं.

"सर, मी स्वतःचा लॅपटॉप घेते. मोठा, ताकदीचा. लाईट गेली तरी काम थांबणार नाही."

"घ्या. पुढच्या महिन्यात मी महालक्ष्मीच्या दर्शनाला येतोय. तेव्हा मशीन आणि काम, दोन्ही दाखवा. जमलं तर कोल्हापूर. नाहीतर एक तारखेला पुणे."

दुसऱ्या दिवशी माळ्यावरची सुटकेस खाली आली होती आणि अव्वा ती ओल्या फडक्यानं पुसत होती. ते बघून मी दात-ओठ खाऊन संगणकाची मासिकं वाचायला बसले. एवढा अभ्यास मी शेवटच्या वर्षालाही केला नव्हता. प्रोसेसर कुठला, मेमरी किती, पडदा किती इंची, सगळं तोंडपाठ! सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला साधा लॅपटॉप पुरत नाही, कारण लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला कळेल अशा भाषेत बांधून घ्यावा लागतो आणि घरच्या जुन्या संगणकावर एकदा बांधायला लावला की माझी अंघोळ, जेवण आणि अव्वाशी एक भांडण आरामात उरकायचं.

शहरात एकाच दुकानात तसला लॅपटॉप होता. सतरा इंची पडदा, पाटासारखं रुंद अंग आणि चार्जर तर विटेएवढा. किंमत ऐकून दोड्डप्पांनी लगेच हिशोब केला.

"ह्यात दोन दुभत्या म्हसी येत्यात. वर एक रेडकू."

"दोड्डप्पा, पर म्हशीवर प्रोग्रॅम लिहिता येत न्हाय की!"

"मग नीट बघून घिऊया. चालतंय का?"

दुकानदार बिचारा भला माणूस. त्यानं आधीच सांगितलं, "काका, ह्यो शोकेसमधला हाय. एका आर्किटेक्टनं मागवलता, पर न्हेला न्हाय. आठ म्हैनं हितंच प्लगला लावून चालू ठेवलाय. तुमाला नवा सीलबंद मागवून देतो की!"

"सीलबंद?" दोड्डप्पांनी डोळे बारीक केले. "म्हंजे आत काय हाय ते तुमालाबी ठावं न्हाय?"

"कंपनीला ठावं असतंय की, काका."

"कंपनी ऱ्हाती कुठं?"

"लई लांब. परदेशात."

"मग बिघडला तर मी इमानानं जाऊ व्हय? पावणं, डोळ्यांदेखत चालतंय त्येच जनावर आपलं. ह्योच द्या. पर आदी तीन धारा बघणार."

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. म्हशी विकणारे बेरके लोक आदल्या वेळची धार चुकवून म्हैस बाजारात उभी करतात. कास टम्म दिसते, गिऱ्हाईक भुलतं, आणि घरी आणल्यावर म्हैस पावशेरावर येते. म्हणून जाणता माणूस संध्याकाळ, सकाळ, संध्याकाळ अशा सलग तीन धारा समोर काढून घेतो आणि मगच बोलणी करतो. दोड्डप्पांनी तोच कायदा संगणकाला लावला!

पहिल्या संध्याकाळी मी माझा प्रोग्रॅम त्यावर चढवला. औषधांच्या गोदामातला माल मोजायचा प्रोग्रॅम होता तो. दोड्डप्पांनी पानाला चुना लावायला घेतला आणि पान तोंडात जायच्या आत प्रोग्रॅम बांधून तयार! मी खुर्चीतून उडालेच.

"एका धारंला भुलू नगं," दोड्डप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाळाला विभूती लावून स्वारी पुन्हा हजर. त्यांनी लॅपटॉपच्या पाठीवरून हात फिरवला.

"तापतंय की गं ह्ये!"

"प्रोसेसर मोठा हाय, दोड्डप्पा. तापणारच."

"व्हय, कामाचं जनावर तापतंयच." मग त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि पहिल्यांदाच खूष झाले. "अंगापिंडानं चांगलं हाय. हाताला लागतंय."

तिसऱ्या धारेला पेठेतल्या तालमीची निम्मी पोरं आली होती. दुकानदारानं हार मानली होती. त्यानं स्वतःच बटण दाबलं आणि म्हणाला, "बघा काका, तिसरी धार." धार उत्तम निघाली. मध्ये एकदा लाईट गेली, पण दुकानाचा जनरेटर लगेच सुरू झाला आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. प्रोसेसर बघितला, मेमरी बघितली, पडदा, पंखा, पाठ, वजन, सगळं बघितलं. फक्त वायर काढून बघायचं त्या भरल्या दुकानात एकाही शहाण्याला सुचलं नाही, आणि त्या शहाण्यांत इंजिनिअर मी एकटीच होते!

घरी अव्वानं लॅपटॉपला ओवाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लोडशेडिंगची वेळ जवळ आली तशी मी अख्ख्या गल्लीला बोलावणं धाडलं. "या, या! लाईट जाऊ दे, मग बघा गंमत!"

लाईट गेली. पंखा थांबला, शेजारचा टीव्ही गप्प झाला, गिरणी बंद पडली. माझा पडदा मात्र लख्ख!

"आयला, चालतंय की!" गल्लीनं टाळ्या वाजवल्या. अव्वाला इतका आनंद झाला की तिनं सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवलं.

चहाला उकळी फुटायच्या आत पडदा काळा झाला.

मी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग एका बाजूनं हलकेच थापटलं. (हो, मी. इंजिनिअरनं!) शेवटी दोड्डप्पांनी घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच पसंत केलेल्या जनावराला म्हणाले, "आटलं."

मी रडत दुकान गाठलं. "मी सांगतच हुतो की, नवा घ्या म्हणून!" दुकानदार कळवळून म्हणाला. "आठ म्हैनं प्लगला चिकटून हाय. बॅटरी मेली असणार. नवी मागवतो, पर पंधरा-वीस दिस तरी लागतील."

सर येणार होते शनिवारी! तारीख पुढं ढकलायला सरांना फोन केला, तर फोनमधली बाई म्हणाली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पेपरातला लोडशेडिंगचा तक्ता काढून बघितला, तर शनिवारी आमच्या पेठेची लाईट सकाळी दहा ते एक नाही. आणि सर दर्शन उरकून अकराला येणार. त्या दिवशी मी खरंच खचले. पुसलेली सुटकेस कोपऱ्यात माझ्याकडे बघत बसली होती.

पण दोड्डप्पांची अब्रू पणाला लागली होती. ते म्हणाले, "ऊठ. लाईट आपल्याकडं न्हाय, म्हणून गावातबी न्हाय काय? कसबा बावड्याची दुपारनं जाती. तिथं आपलं पेंडीचं गिऱ्हाईक हाय. मशीन उचल."

"आन सरांना काय सांगणार?"

"सांगतो की, पोरीचं हापीस बावड्याला हाय."

शनिवारी सकाळी लॅपटॉप वाकळेत गुंडाळून, वर धूळ नको म्हणून पेंडीच्या रिकाम्या पोत्यात घालून मी आणि अव्वा टेंपोतून बावड्याला पोचलो. घरमालक ऊस घेऊन कारखान्यावर गेले होते. घरातली सगळी भोकं दोन पिनांची आणि आमच्या चार्जरच्या विटेला तीन पिना! तीन भोकांचा प्लग अख्ख्या वस्तीत एकच होता, गोठ्यात, कडबा कापायच्या यंत्राजवळ. मी म्हटलं, आता माघार नाही. गोठा तर गोठा! अव्वानं पटापट शेण भरलं, जागा झाडली आणि खुराड्यावर फळी टाकून टेबल केलं. शेजारी एक काळीभोर म्हैस रवंथ करत आमच्याकडे बघत होती.

अकराच्या सुमारास दोड्डप्पा सरांना घेऊन आले. पांढरा शर्ट, कपाळाला कुंकू, हातात प्रसादाचा द्रोण. सरांनी गोठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ऑफिस... हे?"

"हवेशीर हाय," दोड्डप्पा म्हणाले आणि त्यांनी सरांना एक घमेलं पालथं घालून दिलं.

सर बसले. मी प्रोग्रॅम सुरू केला. मी एकेक गोष्ट नेटानं दाखवत गेले. माल आला कसा भरायचा, गेला कसा वजा होतो, मुदत संपली की कसं कळतं. सर घमेल्यावर पुढे सरकले. त्यांना काम आवडत होतं, हे मला दिसत होतं.

"बरं, समजा गोदामातल्या माणसानं काहीतरी वेडंवाकडं टाइप केलं तर?"

"सर, त्याची सोय अशी केलीय की..."

एवढ्यात माझ्या खांद्यावरून एक गरम श्वास आला. पोत्यातून आलेल्या त्या लॅपटॉपच्या फटीफटीत पेंड बसली होती, आणि ते मला सोडून गोठ्यातल्या सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं. म्हशीनं मान लांबवली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळी बटणं चाटून काढली!

अव्वा किंचाळली. औषधाच्या नावाच्या जागी अक्षरांची खिचडी उमटली होती. संपलं सगळं, एक तारखेला पुणे! आणि मग पडद्यावर लाल अक्षरं आली: "नोंद चुकीची आहे. कृपया तपासून पुन्हा भरा."

म्हशीनं पुन्हा भरली. पुन्हा लाल अक्षरं! मी तिला हाकलायला हात उचलला.

"थांबा," सर ओरडले. "हाकलू नका तिला!"

"बघा, बघा," दोड्डप्पांना जोर चढला. "एका डावाला भुलू नका, सर. तीन बघा."

तिसऱ्यांदा म्हशीनं अगदी मन लावून चाटलं. प्रोग्रॅम हलला नाही. अव्वानं पुढे होऊन पदरानं लाळ पुसली, सर एवढे हसले की घमेल्यावरून कलंडले, आणि मला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

शेवटी त्यांनी डोळे पुसत विचारलं, "आता खरं सांगा. बॅटरी किती चालते?"

"चहाला उकळी फुटेपर्यंत," मी म्हटलं. आता लपवण्यासारखं उरलंच काय होतं?

"म्हणून हे एवढं धूड घेऊन बावड्याला आलात?"

"लाईट हाय तिथं जाणार की, सर," दोड्डप्पा म्हणाले. "काम कशापायी थांबवायचं?"

सरांनी एकदा मशीनकडे बघितलं, एकदा अव्वाच्या पदराकडे. "राहा कोल्हापुरात," ते म्हणाले. "बॅटरी मी पुण्याहून पाठवतो." अव्वानं तिथल्या तिथं म्हशीच्या कपाळाला हात लावून नमस्कार केला. माझ्या पाठीवरून हात फिरवायचं तिला घरी गेल्यावर आठवलं.

ती नोकरी मी पुढं खूप वर्षं केली. नवा प्रोग्रॅम पाठवला की सर फोनवर एकच विचारायचे, "म्हशीला दाखवलाय ना?" सगळं ऑफिस हसायचं, मीही हसायचे. लाज वाटते सांगायला, पण दोन वेळा मनात शंका होती म्हणून मी खरंच गुपचूप बावड्याला जाऊन आले, आणि त्यातल्या एका खेपेला म्हशीनं मला नापास केलं!