लंगड्या उंटाचं नाव

माझ्या भाचीनं बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहिला होता. त्याला ‘लंगडा उंट’ हे नाव मी ठेवलं. आमच्या घरात ते नाव निघालं की अजून हशा पिकतो. ते नाव चुकीचं होतं, हे मी हयात आहे तोवर लिहून ठेवायला हवं.

भाची तेव्हा नांदेडला इंजिनिअरिंग शिकत होती. सुटीत साखऱ्याला घरी जायच्या आधी ती हिंगोलीत माझ्याकडे उतरली. मामाच्या ओढीनं नव्हे, मामाच्या कॉम्प्युटरसाठी. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर घेतलेला तो कॉम्प्युटर माझ्यासारखाच सावकाश होता. त्यावर तिला आपला प्रोग्राम सीडीवरच्या एका विकतच्या प्रोग्रामशी खेळवायचा होता.

“जिंकला न्हाई तरी चालंल, मामा. दोन डाव बरोबरीत सुटले तरी मी पुढं लिहीन. न्हाई सुटले तर सोडून देते.”

पंच मी. दोघांना प्रत्येक चालीला सारखा वेळ दिला. तिचे वडील, म्हणजे माझे दाजी, मेंढरं शेजाऱ्यावर सोपवून मुद्दाम आले होते. दिवसभर डाव चालले आणि भाचीचा प्रोग्राम सगळे हरला. दर डावात त्याचा उंट कुठंतरी फुकट जायचा.

“दाजी, तुमच्या पोरीचा उंट लंगडा आहे,” मी म्हणालो.

“मग बाजारात न्हाई खपायचा. मेंढरात सोडू का?”

भाचीही हसली. मग तिनं मुकाट्यानं पिशवी भरली.

ती गेल्यावर सहज एका डावात उंट गेला तीच जागा मी तिच्या प्रोग्रामला एकट्याला दिली. तेवढ्याच वेळात त्यानं उंट वाचवला! मी सीडीवाल्या प्रोग्रामची सेटिंग उघडून पाहिली. ‘समोरच्याच्या वेळातही विचार चालू ठेवा’ यावर खूण होती. प्रोसेसर एकच. भाचीच्या प्रोग्रामची पाळी आली तरी दुसरा त्यातला वाटा खातच होता. तिच्या प्रोग्रामला ही युक्ती येतच नव्हती. तो बिचारा दुसऱ्याच्या पाळीला गप्प बसायचा.

भावाची आणि माझी विहीर सामायिक. माझ्या पाळीला त्यानं मोटार चालू ठेवली की मी बांधावरून गाव गोळा करायचो. इथं मात्र पंच खुर्चीत बसून शेंगा फोडत होता.

खूण काढून मी डाव पुन्हा लावले. तिचा प्रोग्राम जिंकला नाही, पण तीन डाव बरोबरीत सुटले.

लगेच साखऱ्याला फोन केला. दाजींनीच उचलला. “काय मास्तर, काय म्हणतो लंगडा उंट?” मी हसलो. हसल्यावर सांगायचं राहिलं, आणि मग राहूनच गेलं. भाचीनं बुद्धिबळ सोडलं. आता ती पुण्यात बँकांचे प्रोग्राम लिहिते.

यंदा संक्रांतीला ती दाजींसोबत आली, तेव्हा आधी तिला सांगितलं.

“तीन सुटले होते?”

“तीन.”

“मी दोनच मागितले होते, मामा.” मग म्हणाली, “नाव तुमी ठेवलं, तुमीच काढा. बाबांसमोर.”

जेवताना दाजींना सगळं सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

“म्हंजे एवढी वर्सं मी कुणाला हसून राहिलो?”

“मला.”

त्यांनी माझ्या दुखऱ्या गुडघ्याकडं पाहिलं. “मग नाव बराबर होतं, मास्तर. उंट चुकला.”

भाची हसली, पण या वेळी पिशवी भरायला उठली नाही.

आता साखऱ्याहून फोन आला की दाजी विचारतात, “लंगडा उंट हाय का घरी?”

“बोलतोय,” मी म्हणतो.