नदीपलीकडून आलेला माणूस

पहाटे चारला कनेलाचा दिवस सुरू व्हायचा. पेद्रा मान्सा वस्तीच्या वीटभट्टीवर तो आणि मी जोडीने विटा वाहायचो. तो वीट टाकत नसे, ठेवत असे. संध्याकाळी भट्टीतल्या गड्यांना फुटबॉल शिकवायचा, तोही तसाच. चेंडू पायाशी नीट थांबवता येईपर्यंत कोणाला गोलवर मारू देत नसे.

तरुणपणी एक हंगाम तो राजधानीत पगारावर खेळला होता. त्याला लाथ घालणाऱ्याचा बूट फाटायचा, याची नडगी शाबूत. आमच्याकडे नडगीलाही कनेला म्हणतात आणि दालचिनीलाही. त्याचा रंगही दालचिनीचाच. नाव चिकटलं ते कायमचं; खरं नाव राजधानीतल्या क्लबच्या कागदांत राहिलं.

त्या वर्षी नदीपलीकडच्या क्लबला प्रशिक्षक हवा होता. आपण तयार आहोत, असा निरोप कनेलाने एका ट्रकवाल्याकरवी धाडला. चाळिशी उलटली होती, भट्टीचा धूर छातीत बसला होता. अशी संधी पुन्हा येणार नव्हती. सगळी वस्ती क्लबच्या माणसाची वाट बघत होती.

शनिवारी तो आला. पॉलिश केलेले बूट, हातात टोपी. गुत्त्यावर विचारू लागला, "वालफ्रेदो नोगेइरा कुठे राहतात?"

"वालफ्रेदो?" गुत्तेवाला जेसुइनो म्हणाला. "तो दाढीवाला? तो वारला की हो."

पुढे न्हाव्याने मान हलवली. पाववाल्याने तर दुसऱ्याच गावचा रस्ता दाखवला. माणूस वैतागला. दोनच्या बसने परतायचं आणि दुसऱ्या कोणाला तरी नेमायचं, असं ठरवून तो मैदानावरून थांब्याकडे निघाला. तिथे मी चुन्याची बादली धरून उभा होतो आणि कनेला वाकून रेघ ओढत होता.

"दादा, वालफ्रेदो नोगेइरा माहीत आहेत का?"

कनेलाने मान वर केली नाही. "नाही बुवा. जरा बाजूला व्हा, रेघेवर पाय पडतोय."

माणूस बाजूला झाला. कनेलाची बायको नेउझा जेवणाचा डबा घेऊन मागे येऊन उभी होती, तिने हे सगळं ऐकलं. तिने डबा खाली आपटला.

"अरे गाढवा, वालफ्रेदो तूच की! पाद्रीबाबांसमोर याच नावाने हो म्हणालास ना मला?"

कनेला सरळ झाला. जरा वेळ विचार केला. "खरंच की," म्हणाला.

माणूस इतका हसला की टोपी चुन्यात पडली. मग रेघेकडे बघून म्हणाला, "सुतासारखी सरळ आहे. सोमवारी या, मास्तर."

दुसऱ्या वर्षी क्लब वरच्या गटात गेला. आता नदीवरच्या पुलापर्यंत कोणताही न्हावी मास्तरांकडून पैसे घेत नाही. पुलापलीकडे दोन गावं त्यांना ओळखतात, तिसऱ्या गावात रांगेत उभं राहावं लागतं. मास्तरांना तेवढं पुरतं.

त्या पगारातून वस्तीतला पहिला फ्रीज आला, निळा. थंड पाणी प्यायला आम्ही सगळे जमलो. दार इतक्या वेळा उघडलं की संध्याकाळपर्यंत पाणी कोमटच होतं. तरी प्रत्येकाने दोन-दोन पेले घेतले आणि नेउझाने कोणालाही नाही म्हटलं नाही.