मुकादमिणीच्या समोरची ओळ

मी आणि बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते कात्र्या पुसायचं. वारूळवाडीच्या घरापुढं ओट्यावर बसलो होतो. मी गरम पाण्यातनं कात्री काढून द्यायचो, ती जुन्या लुगड्याच्या फडक्यानं पुसायची, खिळीला खोबरेल तेलाचं बोट लावायची आणि पिशवीत टाकायची. द्राक्षाच्या विरळणीचे दिवस होते. घडातले जास्तीचे मणी कातरून काढले की उरलेले फुगतात, तेच काम. तिच्या टोळीतल्या सगळ्या बायांच्या कात्र्या रोज संध्याकाळी आमच्या घरी यायच्या. कुणाच्या कात्रीला लाल चिंधी, कुणाच्या हिरवी. शमीमची पिवळी. ती हातात आली तशी बायको थांबली.

"उद्या बोरी गावच्या बागेत हिला पुढं लावनार हाये," ती म्हणाली. "टोळी तीच चालवंल. मी नुसती संगं."

"तिला? इचारल्याबिगर पाणी प्यायचं सुचत न्हाई तिला."

"तुमी मागनं बोलू नका म्हंजी झालं. तुमी बोललात की ती तुमच्या तोंडाकडं बघती. मग घडाकडं कोन बघनार?"

मी म्हणालो, "बघू." ती म्हणाली, "बघू न्हाई. गप ऱ्हायचं." आणि पिशवीची नाडी ओढली. पहाटे ती झोपेतच गेली.

तिला सगळे मुकादमीण म्हणायचे. मीही. नावानं हाक मारलेली मला आठवत नाही, रेशन कार्डावर होतं तेवढंच. माहेर शिनोलीचं, भातातली बाई. इकडं आली तेव्हा द्राक्षाचा वेल कसला तेही तिला ठाऊक नव्हतं. कात्री धरायला तिला मी शिकवली. बाकीचं ती कुठं शिकली, मला सांगता येत नाही.

आमची कामं वाटलेली होती. नव्या बाईचा हात बसवायचा तो मी. घड तळहातावर घ्यायचा नाही, देठाला धरायचा. कात्रीचं टोक राहणाऱ्या मण्याला लागू द्यायचं नाही, डाग पडतो. आधी आतले मणी काढ, मग बाजूचे. मी मागनं फिरायचो, चुकलं की तिथंच ओरडायचो. आठवडाभरात बाई तयार. मग ती घरी काय खाते, का रडते, हे मी विचारलं नाही. ते माझं काम नव्हतं आणि ओरडल्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. ओरडल्यानंच डाग पडायचे थांबले.

मुकादमिणीची रीत वेगळी. बाकीच्या टोळ्यांत नवी बाई पार शेवटच्या ओळीला लावतात, कुणाच्या पायात नको म्हणून. ही नव्या बाईला आपल्या ओळीत, बरोबर समोर उभी करायची. मांडवाखाली दोघी समोरासमोर, मधे वेल. हात चालू आणि तोंडही चालू. पण बोलणं द्राक्षाचं नाही. "पोराचा ताप उतरला का? सासू काय म्हनती? आन् तू काय म्हनलीस?" असं पार हंगाम संपेपर्यंत. हंगाम संपला तरी ती बाई सणाला आमच्या दारात हजर.

एकदा माल बाहेरदेशी पाठवणाऱ्या कंपनीचा एक तरुण साहेब बायांना शिकवायला आला. पोरगा चांगला होता, शिकवलंही नीट. जेवणाच्या सुट्टीत तो आमच्यात बसला आणि म्हणाला, "काका, तुम्ही करता ते कोचिंग. मावशी करतात ते मेंटॉरिंग."

"कोचिंग तर नारायणगावात गल्लीगल्लीला हाये," मी म्हणालो. "बारावीच्या पोरांचं."

तो हसला. म्हणाला, ठरलेलं एक काम ठरलेल्या दिवसांत हातात बसवायचं ते कोचिंग. माणूस पुढं स्वतःच्या पायावर चालावा म्हणून कितीतरी दिवस त्याच्या बाजूनं चालायचं, ते दुसरं.

मी बायकोकडं बघितलं. "म्हंजी मी कात्री शिकवतो आन् ही बाई शिकवती."

"कात्री आली न्हाई आन् नुसती शहानी झाली, तर बागवाला चहा बी देनार न्हाई तिला," मुकादमीण म्हणाली. "दोन्ही लागतंय. घ्या सायेब, ठेचा घ्या."

शमीम जुन्नरची. नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान चालेना म्हणून कामाला आली. हात असा बसला की माझ्या शिकवण्यात तसा दुसरा नाही. मी सांगीन ते आणि तेवढंच. एका बागेत एक मरतुकडा वेल होता. तिनं त्याच्यावरचा प्रत्येक घड कातरला, एकसारखा, देखणा. पण तेवढे घड त्या वेलाला पेलणारच नव्हते. अशा वेळी काही घड आख्खेच उतरवायचे असतात. मी ते सांगितलं नव्हतं, तिनं केलं नाही.

"दिसत न्हाई का तुला?" मी ओरडलो.

"काका, तुमी सांगितलंच न्हवतं," म्हणाली आणि रडायला लागली.

मुकादमीण आली, वेलाखाली मातीत बसली. "शमीम, तुला काय वाटतंय? ह्यो किती पेलंल?"

"मावशी, तुमीच सांगा ना."

"मला काय वाटतंय ते मला ठावं हाये. तुझं सांग."

मी म्हणालो, "सांगून टाक की एकदाचं. ऊन चढलं."

"तुमी पानी आना जावा."

मी पाणी घेऊन आलो तर खाली तीन घड पडलेले आणि शमीम घाम पुसत उभी. मुकादमिणीनं वेलाकडं बघितलं, म्हणाली, "बरं." आणि आपल्या जागेवर गेली.

घरी येताना मी म्हणालो, "अजून एक उतरवायला पायजे व्हता."

"मला बी तसंच वाटलं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तिनं पयल्यांदा आपल्या डोळ्यानं तोडलं, राव. एक घड जास्ती ऱ्हायला म्हनून वेल मरत न्हाई."

ती गेली त्या दिवशी टोळी कामाला न जाता सगळी आमच्या दारात बसली. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. मग बायांत कुजबुज सुरू झाली, आता टोळी कुणाची. दोघी म्हणाल्या, आम्ही दुसरीकडं बघतो. बोरीच्या बागवाल्याचा फोन आला. बिचारा ओशाळून बोलत होता, पण मणी फुगायला लागले होते आणि मणी कुणासाठी थांबत नाहीत. मी शमीमकडं बघितलं. तिनं मान हलवली. "काका, मला न्हाई जमणार. मावशी समोर असायच्या, म्हणून जमायचं."

मी तिला काही बोललो नाही. गप राहायचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कात्र्यांची पिशवी घेऊन रस्त्यावर आलो. शिनोलीचा मेव्हणा मागं धावला. "दाजी, सुतकात कुठं निघालात? लोक काय म्हनतील?"

"बागंला सुतक नसतं," मी म्हणालो आणि पिकअप आली तशी मागं चढलो. बायांनी सरकून जागा दिली. दुसरीकडं बघतो म्हणालेल्या त्या दोघीही होत्या.

बागेत मी पिशवी शमीमच्या हातात दिली. तिनं चिंध्या बघून एकेकीची कात्री एकेकीला दिली. पिशवीत एक उरली, बिनचिंधीची, मुकादमिणीची. ती मी घेतली. शमीम पहिल्या ओळीत जाऊन उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागली. विहिरीकडनं सुरुवात करायची, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. मांडवाखाली वाकून पलीकडं गेलो आणि तिच्या समोर उभा राहिलो.

"तुला काय वाटतंय? कुठनं लावायची टोळी?"

तिनं पदर खोचला. बराच वेळ बागेवरनं नजर फिरवली. मी थांबलो. थांबायला लई जड जातं माणसाला.

"रस्त्याच्या अंगानं," ती म्हणाली. "तिकडचे मणी जास्ती फुगलेत."

मी म्हणालो, "बरं." आणि पहिला घड देठाला धरला.