चटणीची चव

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जेऊरहून सोलापूरच्या बाजारात जायचो. शेंगाचटणी घ्यायची तर आई दुकानादुकानात चिमूटभर तळहातावर घेऊन चाखायची आणि नाक मुरडायची, "दाणं करपल्यात की!" शेजारी गरम भज्यांचा घमघमाट सुटलेला आणि ही बाई पुढच्या दुकानाकडं निघालेली. मला असला राग यायचा!

यंदा पुन्हा गेलो. आजारपणात आईच्या तोंडाची चव गेली, ती परत आलीच नाही. पहिल्याच दुकानात तिनं चटणी जिभेवर ठेवली आणि हळूच मला विचारलं, "कशी हाय गं?"

चटणी झकास होती. मी नाक मुरडलं, "दाणं करपल्यात की!"

आई खुलली. "मग चल की फुडं!" म्हणत झपाझप निघाली. तिच्यामागं धावताना मला पूर्वीसारखीच कडकडून भूक लागली.