साडूंचे चमकणारे कण

आमच्या साडूंइतका पिळणारा आणि तरीही हवाहवासा वाटणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा सापडणार नाही, हे मी कुठल्याही देवाच्या पायावर हात ठेवून सांगेन. गाव कंधार, नोकरी नांदेडला, प्रयोगशाळेत. काम काय, तर डोळ्यांना दिसणारच नाहीत असे बारीक कण बनवायचे. ते शिरेतून सोडले की मेंदूतल्या गाठीलाच जाऊन चिकटतात आणि खास उजेडात चमकतात. मग गाठ कुठे संपते आणि चांगला मेंदू कुठे सुरू होतो, ती कड ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला दिसते. हे मला तोंडपाठ आहे, कारण लग्न असो, बारसं असो की मयत, साडू सुरूच! एका धोंड्याच्या महिन्यात जळकोटला सासुरवाडीत आम्ही दोघे जावई पाटावर बसलो होतो. पुरणाचे धोंडे ताटात, तूप वाढणं चाललेलं, आणि हे महाशय उठले ते गोठ्यातून मूठभर कुसळं घेऊन आले आणि सासऱ्यांच्या कोऱ्या धोतरावर आणि शेजारच्या तांब्यावर फेकली. "बघा! धोतराला चिकटली, तांब्याला न्हाई. माझे कण असेच!" सासरे बिचारे जेवण सोडून कुसळं वेचत बसले. अक्का, म्हणजे साडूंची बायको, माझी थोरली मेव्हणी, पदर तोंडाला लावून म्हणाली, "ह्यांना आधी जेवू घाला बाई, न्हाईतर मलाबी कशाला तरी चिकटवतील."

त्याच अक्काला गाठ निघाली, आणि तीही मेंदूत. बोलता बोलता तिला साधे शब्द आठवेनात. लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, गाठीची कड कळत नाही, बोलण्याच्या जागेत शिरली आहे. जास्त काढली तर वाचा जाईल, कमी काढली तर पुन्हा वाढेल. बाहेर बाकावर सासूबाईंनी साडूंचा हात धरला. "जावईबापू, तुमचं ते चमकणारं औषध आणा की. इतकी वर्षं सांगून राहिलात." म्हातारीला वाटत होतं, औषध तयार आहे, नांदेडच्या कपाटात ठेवलंय. खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांनाच तसं वाटत होतं. साडू म्हणाले, "आई, ते अजून उंदरालाच देऊन राहिलो. माणसाला द्यायची परवानगी न्हाई. दिलं, आन् तिला काय झालं तर?" सासूबाईंनी हात सोडला. रागानं नसेल, पण सोडला.

डॉक्टरांनी जमेल तेवढी गाठ काढली. अक्का काही महिने छान बोलली, नवऱ्याची टिंगल करीत राहिली. मग गाठ परत आली आणि अक्का गेली.

लोक म्हणाले, आता हा माणूस ते काम सोडेल. सोडतो कसला! तेरावं झालं आणि स्वारी उंदरांपाशी हजर. गेल्या महिन्यात भर दुपारी त्यांचा फोन आला. "साडूभाऊ, आज कड दिसली. उंदराच्याच मेंदूत, पण रेघ मारल्यासारखी साफ." मी म्हटलं, "अरे वा! आता कुठे आहात?"

"घरी आलो होतो, तिला सांगायला," ते म्हणाले. "दारातच उभा हाय. कुलूप काढवेना."