मागच्या सालातलं मशीन

दोन हजार साल लागलं तेव्हा मी लातूरच्या एका शिकवणीत कॉम्प्युटर ऑपरेटर होते. काम एवढंच, की रविवारच्या चाचणीचे गुण भरायचे आणि सोमवारी सकाळी नंबरांची यादी दारावर लावायची. कोण कुठल्या बाकावर बसणार हे त्या यादीवर ठरायचं. किनवट-हिमायतनगरहून आलेले पालकसुद्धा आधी यादी बघत, मग पोराचं तोंड.

मशीन जुनं, प्रोग्रॅम त्याहून जुना. साल दोनच आकड्यांत घ्यायचा. जानेवारीतल्या पहिल्या चाचणीला मी शून्य-शून्य टाकलं, तर रकाना रिकामाच आहे असं समजून तो 'तारीख भरा' म्हणायला लागला. दहा वेळा भरली, दहा वेळा तेच. सरांनी आधीच बजावलं होतं, यादी अडली तर मशीन काढून टाकू आणि पूर्वीसारखं हाताने लिहू. म्हणजे माझं काम गेलं. आणि काम गेलं की चाकूरला परत जाऊन वडील ठरवतील त्याच्या गळ्यात माळ घालायची.

नांदेडचे एक मेकॅनिक बोलावले. सगळे त्यांना भाई म्हणत. त्यांनी मशीन उघडलंसुद्धा नाही.

"बाई, म्हातारीला पुढचं साल समजून न्हाई राहिलं. मागचं द्या," म्हणाले, आणि मनाला येईल तो आकडा टाकला, ९३. प्रोग्रॅम मुकाट्याने चालू झाला. यादी छापून निघाली तेव्हा मला भाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

तेवढ्यात सर आले. यादीवरचं साल त्यांनी वाचलं आणि ते खुर्चीत बसले. त्या सालच्या भूकंपात सरांची आई गावाकडच्या घरात गाडली गेली होती. भाईंना ते ठाऊक नव्हतं, आणि मला, ठाऊक असून, माझ्याच आनंदात सुचलं नव्हतं. लाज वाटली स्वतःची. आत्ता बदलते म्हणून मी घाईने सांगू लागले.

"राहू दे," सर म्हणाले. "ह्या तारखेला माझी माय जिती हाय."

त्यांनी पेनाने साल खोडलं, वर २००० लिहिलं आणि यादी माझ्या हातात दिली.

मग दर सोमवारी हेच. मशीन ९३ छापायचं, सर २००० लिहायचे. माझं काम टिकलं. चाकूरहून निरोपावर निरोप येत राहिले आणि मी यादीचं निमित्त पुढे करत राहिले. पण पावसाळा उतरणीला लागला तशी मला धाकधूक वाटू लागली. मशीनच्या ९३ सालातही भूकंपाची तारीख जवळ येत होती. गणपती बसले त्या दिवशी, कुणाला न विचारता, मी मशीनला आणखी मागे नेलं, ९१ सालात.

सोमवारी सरांनी यादी घेतली, पेन उघडलं आणि त्या आकड्यावर थांबले.

"बरं केलंस, पोरी," म्हणाले. "अजून दोन वर्षं हाय ती."